बिनटाक्याचे बापू

रक्त उडालं आणि गोडदेव गावातल्या पत्र्याच्या हॉलमधली तीन-चारशे माणसं एका दमात ओरडली, "मावलीऽऽ!"

खाटेवर गिरिजाबाई उताण्या पडल्या होत्या. पोट उघडं, आणि त्या पोटात बापूंची चार बोटं पेरापर्यंत रुतलेली. बोटांच्या कडेने लाल ओघळ निघून हिरव्या चादरीवर उतरत होता. बापू डोळे मिटून आत चाचपत होते, मोरीच्या जाळीत अडकलेला केसांचा गुंता शोधावा तसे.

"आई, दुखतंय?"

"न्हाय बा."

"सुरी लावली?"

"न्हाय."

"टाका घातला?"

"न्हाऽऽय!" हे उत्तर सगळ्या हॉलने दिलं.

"डॉक्टर काय करतो? कापतो! कसाई काय करतो? कापतो! दोघांच्यात फरक एवढाच, की कसाई आधी वजन करतो आणि डॉक्टर आधी खिसा बघतो. माझी मावली कापत नाही. माझी मावली काढते!" बापूंनी हिसडा दिला आणि काळपट लाल गोळा स्टीलच्या ताटात आपटला. "हे बघा हिचं पित्त! आठ वर्षांचा राग साठलाय यात. सगळा सुनेवरचा!"

हशा पिकला. तिसऱ्या रांगेत चार वर्षांच्या आरोहीला कडेवर घेऊन उभी असलेली ती सून, रुचिता, तीही हसली. एका सेवेकऱ्याने ओल्या फडक्याने गिरिजाबाईंचं पोट पुसलं. एका फटक्यात रक्त गेलं. खाली कातडी जशीच्या तशी, साधा ओरखडा नाही. चंदन नावाचा दुसरा सेवेकरी मोबाइलवर फोटो काढत होता. रक्ताचाही काढला, पुसल्यावरचाही काढला. मावलीच्या दरबारात हजेरी लागते म्हणे. तिन्ही लोकांतलं सगळं जाणणाऱ्या या मावलीला आधार कार्डाची आणि रेशनकार्डाची झेरॉक्सही लागत असे, पण ते का, हे अजून कुणी विचारलं नव्हतं.

रुचिताने तर नाहीच. तिच्या लेकीच्या काळजाला भोक होतं. दोन जिने चढली की आरोहीचे ओठ जांभळे व्हायचे आणि ती पायरीवर बसून शहाण्या बाईसारखी म्हणायची, "थांब गं आई, माझं इंजिन गरम झालं." डॉक्टरांनी सांगितलं होतं, छाती उघडावी लागेल. त्या इवल्याशा छातीवर, जिथे रोज अंघोळीनंतर पावडर लावताना रुचिताचा तळहात सगळी जागा व्यापून टाकत असे, तिथे सुरी. बिनसुरीचं काही असेल तर कोणती आई डोळे झाकून धावणार नाही?

ती पुढे झाली. "बापू, माझ्या लेकीचं…"

"वय?"

"चार."

बापूंनी खाटेमागच्या आरशाकडे बोट केलं. पितळी चौकटीतली काळी काच, भोवती झेंडू. दरबार उघडताना सगळ्यात आधी बापू स्वतः त्यात बघत, मग येणाऱ्या प्रत्येकाने बघायचं. बापू म्हणणार, "मावलीच्या डोळ्यात बघ. पापणी मिट. उघड." मग काचेत हिरवं वलय उजळायचं आणि मावलीने माणूस पदरात घेतला असं ठरायचं. "पाच वर्षांखालचं लेकरू मावली घेत नाही," बापू म्हणाले. "आरशात ठरत नाही. पाच पुरी होऊ देत."

"डॉक्टर म्हणतात, तेवढा वेळ…"

तेवढ्यात मागून आवाज आला, "आवं, ही तं कोंबडीची कलेजी हाय!"

तो नाथा होता. कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानाचा मालक. बायकोला घेऊन आला होता आणि ताट नाकाशी धरून उभा होता. "रोज शंभर कोंबड्या सोलतो मी. मना शिकवता? अन् ही कलेजी कालची हाय, वास मारते. निदान ताजी तरी आणा!"

पहिली थप्पड कुणी मारली ते कळलं नाही. दुसरी सगळ्यांनीच मारली. नाथा खुर्च्यांत कोसळला तसे त्याच्यावर पाय पडले, चपला पडल्या, कुणीतरी माइकचा लोखंडी दांडा उचलून त्याच्या जबड्यावर घातला. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तीन दात फरशीवरून घरंगळत रुचिताच्या पायाशी आले. तिने आरोहीचा चेहरा आपल्या मानेत दाबला. त्या फटीतूनच तिला दिसलं, नाथाच्या बरगडीत लाथ घालणारा पांढऱ्या बुटातला पाय तिच्या नवऱ्याचा होता. स्वप्नीलचा.

"मारू नका रे, मारू नका!" बापू माइकवर म्हणत होते, ज्या आवाजात पाहुणे 'राहू दे, राहू दे' म्हणत ताटात वाढून घेतात त्या आवाजात. "मावली बघून घेईल त्याचं!"

नाथाला ओढत बाहेर नेलं. सेवेकऱ्याने तेच फडकं त्या फरशीवर फिरवलं. हे रक्त मात्र पुसलं जाईना.

*

मंगळवारी रुचिता आरोहीला घेऊन मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात गेली. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती आणि सरकारी आरोग्य कार्डावर पाच लाखांपर्यंतचा खर्च होणार होता. योजनेच्या खिडकीवर नीलेश नावाचा तरुण होता. त्याने रेशनकार्डाचा नंबर टाकला, पडद्याकडे पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"ताई, तुमच्या कुटुंबाचे यंदाचे पाच लाख संपलेत."

"संपले? आम्ही आज कार्ड काढायला आलोय!"

"सासूबाईंचं कार्ड चार महिन्यांपूर्वी निघालंय. गिरिजाबाई: गुडघा बदलला. गिरिजाबाई: हृदयात स्प्रिंग बसवली. गिरिजाबाई: पित्ताशय काढलं, परवाच्या रविवारी." त्याने पडदा तिच्याकडे वळवला. हिरवी चादर, उघडं पोट, रक्त. खाली एका नर्सिंग होमचं नाव होतं, जे तिने कधी ऐकलंही नव्हतं. "आणि प्रणय, वय सेहेचाळीस, मणक्याची शस्त्रक्रिया."

"हा कोण?"

"तुमचा थोरला दीर."

"मला दीरच नाही! आणि सासूबाई अठ्ठावन्नच्या आहेत."

नीलेशने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे बाराव्या वर्षी…"

"तुमच्या संगणकाने विचारलं नाही?"

"तो विचारत नाही ताई." नीलेशचा आवाज खाली गेला. "रेशनकार्डाचा नंबर आणि घरातला एक जुळलेला चेहरा मिळाला, की बाकीच्यांना तो पाहुण्यासारखा आत घेतो. मंजुरी आपोआप. तुमच्या कार्डावर जो मोबाइल नंबर आहे ना, तोच मला इथे दोनशे अकरा कार्डांवर दिसतोय. कुणी बघितलंच नाही." मग त्याला खिडकीवर हात टेकून उभी असलेली आरोही दिसली. "हिचं नाव तरी घालून घेऊ. पाच वर्षांखालच्या मुलांचा चेहरा सरकारी नोंदीत धरत नाहीत, म्हणून आईचा लागेल. माझ्या फोनकडे बघा. पापणी मिटा… उघडा."

काळ्या काचेत रुचिताच्या चेहऱ्याभोवती हिरवं वलय उजळलं.

तिने काउंटर घट्ट धरला. मिट. उघड. पाच वर्षांखालचं लेकरू मावली घेत नाही.

"काय झालं ताई?"

"गोडदेवमध्ये," ती म्हणाली, "तुमच्या या फोनला आम्ही झेंडूचा हार घालतो."

तिने सगळं सांगितलं. नीलेशने ऐकता ऐकता ते लिहून घेतलं. तक्रार तो त्याच दिवशी टाकणार होता. पण ती वर जाणार, खाली येणार, नर्सिंग होम म्हणणार बाईच्या चेहऱ्याशिवाय नि फोटोशिवाय आम्ही काही केलेलं नाही. महिने जाणार. "ज्या फोनवरून कार्डं निघतात तो चालू अवस्थेत पोलिसांच्या हाती आला, तर गोष्ट वेगळी. सगळी नावं त्यातच असणार."

आरोहीच्या डॉक्टरांनी सहा आठवडे दिले होते. त्यापुढचं त्यांनी सांगितलं नाही, नुसतं टाचणीने कागद जोडत बसले.

*

दुपारी घरी तिने आरोहीला तेल लावायला घेतलं. हात चालू होते, डोकं हॉलमध्ये होतं. आरोहीच्या पोटावर तेल साचलं होतं, आणि खिदळावं म्हणून रुचिताने बोटांची पेरं दुमडून पोटाच्या वळीत दाबली.

"आई, तुझी बोटं माझ्यात गेली!" आरोही किंचाळून हसली. "परत कर!"

रुचिता तशीच थांबली. वरून बघताना बोटं खरंच अर्धीच दिसत होती. तेलाच्या थारोळ्यात दुमडलेली पेरं पार बुडाली होती.

संध्याकाळी तिने घरात कार्डाचं सगळं सांगितलं आणि तेच गिरिजाबाईंच्या पोटावर करून दाखवलं. स्वप्नील दारात उभा राहून पाहत होता. गिरिजाबाई आधी चिडल्या. मग उठून बसल्या.

"रुचे, येक सांगू? पोट आजून दुकतंय माजं. गुडगा बी. मना वाटलं माजीच भक्ती कमी पडते." त्यांनी पदर तोंडाशी नेला. "माज्या पोटावर फोटो काढून पोरीचं काळीज खाल्लं गो त्यांनी."

स्वप्नीलने मुठीने कपाटाचा आरसा फोडला. काच त्याच्या मनगटात घुसली, रक्त फरशीवर टपटपलं आणि तो दाराकडे धावला. "जीव घेतो त्याचा. आत्ता जाऊन जीव घेतो."

रुचिता दार अडवून उभी राहिली. "रविवारीही तू असाच धावला होतास. तेव्हा नाथाभाऊंच्या अंगावर."

त्याची मूठ वर आली. तिच्या तोंडासमोर थांबली. आतल्या खोलीतून आरोहीने विचारलं, "बाबा, आरसा का मारला?" मग ती मूठ उलगडली आणि तो दाराशी बसून रडायला लागला.

दुसऱ्या दिवशी ती दोघं नाथाकडे गेली. त्याच्या जबड्याला तारा बांधल्या होत्या, तो नळीने पेज ओढत होता. स्वप्नील पाया पडायला वाकला तर नाथाने पाय मागे घेतले. बोलता येत नव्हतं म्हणून त्याने पाटीवर लिहिलं. आधी लिहिलं: 'बरगडी तुझी.' मग ते पुसून लिहिलं: 'चंदन दर शनिवारी कलेजी नेतो. रक्त मागतो. हातमोज्याच्या बोटात भरतो.' आणि खाली: 'रविवारी मीही येतो.'

*

रविवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. नीलेश मागच्या भिंतीशी उभा होता. त्याच्या सांगण्यावरून दोन साध्या वेशातले पोलीस यायचे होते, ते अजून पोचले नव्हते. गिरिजाबाई पुन्हा खाटेवर झोपल्या. "बापू, आजून दुकतंय."

"मुळी राहिली असेल!" बापू खूश झाले. "मुळी आज उपटू. भक्तांनो, डॉक्टरांना मुळी सापडत नाही, कारण ते फांद्या कापत बसतात!" हातात ओला कापूस घेऊन ते वाकले. बोटं दुमडली. पोटावर लाल ओघळ फुटला.

गिरिजाबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

पंचवीस वर्षं मिठागरात ओल्या मिठाच्या टोपल्या उचललेले ते हात. बापूंनी हिसका दिला, सुटलं नाही. दुसरा दिला, खाट सरकली, हात सुटला नाही. "रुचे, काढ गो," गिरिजाबाई म्हणाल्या. "मुठीत काय हाय त्याच्या, काढ."

रुचिताने एकेक बोट उलगडलं. कापसात दडवलेलं हातमोज्याचं कापलेलं बोट बाहेर आलं. फाटलेलं. त्यातून रक्त ठिबकत होतं आणि टोकाला कलेजीचा तुकडा होता. तिने तो सगळ्यांना दिसेल असा वर धरला, मग आपली पेरं दुमडून सासूच्या पोटावर दाबली. सगळ्या हॉलदेखत तिचीही बोटं तशीच आत गेली.

"दुकतंय का म्हणून इचार की!" गिरिजाबाई ओरडल्या. "न्हाय दुकत! गुदगुल्या होतात!"

कुणीतरी हसलं आणि ते हसू मध्येच तुटलं. रुचिताने पितळी चौकट ओढली. झेंडू सांडले. मागून एक मोबाइल खणकन फरशीवर पडला. "ही तुमची मावली. मिट, उघड. तुमच्या चेहऱ्यावर सरकारी कार्डं निघाली, आणि तुमच्या ऑपरेशनांचे पैसे एका नर्सिंग होमने उचलले. माझ्या लेकीचेही."

क्षणभर पत्र्यावरच्या कावळ्यांची नखं ऐकू आली. मग हॉल फुटला.

चंदनला त्यांनी दारातच पाडलं. बापूंना खाटेजवळून केस धरून ओढलं. आठवड्यापूर्वी नाथावर पडलेले पाय, त्याच चपला, तेच हात आता बापूंवर पडत होते. फरक काहीच नव्हता, फक्त खालचा माणूस बदलला होता. खुर्च्यांचे पाय मोडून हातात घेतले गेले. एका ठोशात बापूंची भुवई फाटली, दुसऱ्यात नाक चेपलं. गर्दीतून एक म्हातारा ओरडला, "अरे हा रघू! नर्सिंग होमात स्ट्रेचर ढकलायचा!" या माहितीने आणखी दोन लाथा वाढल्या.

रुचिताने फोन उचलला होता. पडदा अंधारा होत होता, मग कुलूप लागलं. त्यावर रिकामं गोल वलय आलं: चेहरा दाखवा.

तिला सगळं एका झटक्यात कळलं. ते वलय ज्या चेहऱ्याची वाट पाहत होतं, त्या चेहऱ्याचा लगदा होत होता.

ती त्या पायांमध्ये घुसली आणि बापूंच्या डोक्यावर आडवी पडली. "चेहरा सोडा! याच्या चेहऱ्याशिवाय फोन उघडत नाही! तुमची नावं आत आहेत!" खुर्चीचा पाय खाली येतच होता. तो तिच्या कोपराखाली बसला आणि हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतःच्या अंगात ऐकला.

वर बघितलं तर स्वप्नील होता. खुर्चीचा पाय त्याने मारला नव्हता. पण त्याने माइकचा तो लोखंडी दांडा उचलला होता, डोळे रक्ताळलेले, आणि बायको मध्ये आहे हे त्याला दिसतही नव्हतं.

दांडा हवेतच अडला. नाथाने धरला होता. तारांनी बांधलेला जबडा, सुजलेला गाल. बोलता येत नव्हतं. त्याने फक्त मान हलवली, एकदा, सावकाश. मग तो वळला आणि ज्याच्यामुळे दात गेले त्या माणसावर पाय फाकवून, दोन्ही हात पसरून उभा राहिला. ज्यांनी त्याला मारलं होतं ते सगळे समोर होते. एकेकाचे हात खाली आले.

रुचिताने धड हाताने ओढणीचं टोक भिजवून बापूंच्या डोळ्यांवरचं रक्त पुसलं. आरोहीचं नाक पुसते तितक्याच हळू, कारण पापणी शाबूत राहायला हवी होती. फोन समोर धरला.

"मावलीच्या डोळ्यात बघ," ती म्हणाली. "मिट."

रघूने सुजलेला डोळा मिटला.

"उघड."

हिरवं वलय उजळलं.

नीलेशने पुढे होऊन फोन हातात घेतला आणि नावं वाचायला लागला. प्रत्येक नावापुढे एक ऑपरेशन. कुणाचा मणका, कुणाचं मूत्रपिंड, चार चार खोटे मुलगे, सात खोट्या सुना. "रखमाबाई: गर्भाशय काढलं."

"आगं बया!" पुढच्या रांगेतली रखमाबाई कपाळाला हात लावून उठली. "ते तं चवदा वर्सांमागंच काढलंय! दुसरं कुटून आणलं मेल्यांनी?"

यावर कुणी हसलं नाही. पोलीस आले तेव्हा हॉलमध्ये तीन-चारशे माणसं खाली बसून आपापलं नाव येण्याची वाट पाहत होती.

*

नर्सिंग होमला कुलूप लागलं. रघू, चंदन आणि तिथले दोन डॉक्टर आत गेले. कार्डावरची खोटी ऑपरेशनं रद्द व्हायला पाच आठवडे लागले, त्यात नीलेशने बत्तीस वेळा फोन केले आणि रुचिताने प्लास्टरमधल्या हाताने अकरा अर्ज लिहिले. सहाव्या आठवड्याच्या सोमवारी आरोहीची छाती उघडली गेली, सुरीने, कापून, आणि टाके घालून बंद केली गेली. भोक बुजलं.

नाथाच्या मारहाणीची तक्रारही झाली. स्वप्नीलने स्वतः जाऊन आपलं नाव लिहून दिलं. खटला चालू आहे. तोवर तो रोज सकाळी कामावर जाण्याआधी नाथाचं शटर उघडून देतो. नाथा अजून त्याच्याशी बोलत नाही, आणि आता जबडा बरा झालाय.

नीलेश एका रविवारी आरोहीला बघायला आला, तेव्हा रुचिता त्याला म्हणाली, "आमची अंधश्रद्धा सगळ्यांना दिसली. तुमच्या संगणकाचं काय? त्यानेही पापणी बघितली, रक्ताचा फोटो बघितला आणि हात जोडले. बाराव्या वर्षी मुलगा, एका नंबरवर दोनशे अकरा कार्डं, हे समोर असून त्याला शंका आली नाही. भक्त तोही होताच. नुसता झेंडू वाहत नव्हता."

"लिहून दिलंय तसंच," नीलेश म्हणाला. "झेंडू सोडून."

तेवढ्यात शेजारणी आल्या, रखमाबाई आल्या. सगळ्या बापूंच्या खाटेवर झोपून आलेल्या. आरोहीने लगेच फ्रॉकची बटणं सोडली. छातीवरची गुलाबी रेघ हे तिचं सध्याचं वैभव होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवल्याशिवाय ती चहासुद्धा घेऊ देत नसे.

"हे बघ माझं ऑपरेशन. डॉक्टरकाकांनी कापलं होतं." मग तिने गिरिजाबाईंकडे मोर्चा वळवला. "आजी, तुझी तीन ऑपरेशनं झाली ना? तुझी रेघ कुठेय?"

खोलीतल्या सगळ्या बायका आपापल्या पोटाकडे बघायला लागल्या.

हा एवढाच प्रश्न होता. तो विचारायला शाळा लागत नाही, धाडस लागत नाही, चार वर्षांचं वय पुरतं. तो पहिल्याच रविवारी त्या हॉलमध्ये विचारला असता तर नाथाचे दात जाग्यावर राहिले असते. पैसे सोडण्याआधी तो त्या संगणकाने विचारला असता तर कुणाच्या लेकराला सहा आठवडे मोजावे लागले नसते. यापुढे कुणी चमत्कार दाखवला, मग तो हार घातलेल्या माणसाने दाखवलेला असो की शिक्का मारलेल्या कागदाने, तर हात जोडू नका आणि हात उगारूही नका. हात मोकळे ठेवा आणि विचारा.

"सांग ना आजी," आरोहीने तिचा पदर ओढला. "कुठेय तुझी रेघ?"

"न्हाय गो बाय," गिरिजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी नातीची बटणं एकेक करून लावली. "माजं काय झालंच न्हवतं. झालं ते तुजं."